ढोलकी नसलेला पियानो

“ह्यात ढोलकी आहे का?” मधुशेठनी विचारलं.

“आहे ना साहेब! ढोलकी, तबला, ढोल, ताशा, संबळ, काय म्हणाल ते.” सेल्समननं बटण दाबलं आणि त्या चंदेरी कीबोर्डमधून ढोलकी सुरू झाली. खणखणीत. दुकानात गिटार बघायला आलेली तीन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

रंगाकाका माझ्या शेजारी उभे होते. खांद्याला लाल पिशवीतली ढोलकी, डोक्यावर टोपी आणि पायात पुण्याला जायचं म्हणून काढलेल्या नव्या वहाणा. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, “वाजवतोय बरा. पर एकलाच शेतात बसून वाजवतोय जनू. म्होरं कुनी गातंय का न्हाई, त्याला पत्ताच न्हाई.”

मी फिसकन हसले. शेठनी वळून माझ्याकडे डोळे वटारले.

ही गोष्ट २००४ सालची. नगरच्या ‘मधुरंग’ ऑर्केस्ट्रात मी कीबोर्ड वाजवत होते. मी एस्तर भिंगारदिवे, तेव्हा सव्वीस वर्षांची. बाबा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, मी मिशनच्या शाळेतल्या जुन्या पियानोवर शिकले आणि तिथून थेट जत्रेच्या स्टेजवर जाऊन उभी राहिले, म्हणून निम्म्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडोत बापडे. बाबा गेल्यावर घर माझ्या वाजवण्यावर चालत होतं, नातेवाइकांच्या नाकांवर नव्हे.

मधुशेठ म्हणजे मधुकर कुलथे, पार्टीचे मालक आणि मुख्य गायकही तेच. रंगनाथ घोडके, म्हणजे आमचे रंगाकाका, अठरा वर्षं त्यांच्याबरोबर ढोलकीवर. तमाशाच्या फडात लहानाचा मोठा झालेला माणूस. पार्टीत आणखी सहा-सात जण होते, पण त्या दिवशी पुण्याला आलो ते आम्ही तिघंच.

आमचा जुना कीबोर्ड मरायला टेकला होता. त्याच्या मधल्या सप्तकातल्या चार पट्ट्या पार मुक्या झाल्या होत्या आणि त्या चार चुकवून मी दोन महिने कार्यक्रम काढत होते. पार्टीत मधुशेठचा एक नियम होता. वाजवणाऱ्यानं वाद्य निवडायचं, मालकानं आणून द्यायचं. ज्याचे हात, त्याची निवड. हा नियम ते गावोगावच्या पुढाऱ्यांना छाती पुढे काढून सांगायचे. म्हणून मला आणलं होतं. आणि काकांना म्हणाले होते, “चला, तुमच्या ढोलकीची पुडी बदलून घेऊ.” ढोलकीला नवं कातडं चढणार म्हणून काका सकाळपासून खुशीत होते. जीपमध्ये त्यांनी आम्हाला घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली.

दुकानात शिरल्या शिरल्या मी कोपऱ्यातला काळा स्टेज पियानो हेरला होता. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि सगळ्या वजनदार, खऱ्या पियानोच्या असतात तशा. हळू दाबली तर हळू बोलणार, मारली तर खणकन. बाकी अंगावर दागिने काही नाहीत. सात-आठ आवाज, दोन-चार बटणं, पायाशी पेडल, संपलं. मी स्टूल बाजूला सारलं. स्टेजवर मी उभी राहून वाजवते, मग दुकानात बसून कशाला बघायचं? हेडफोनही नको म्हटलं. हेडफोनमध्ये सगळीच वाद्यं गोड लागतात.

“मोठ्या स्पीकरला जोडा,” मी सेल्समनला म्हटलं. “आणि तुम्ही दाराशी जाऊन उभे राहा. रस्त्याच्या आवाजातनं एकेक सूर सुटा ऐकू येतो का सांगा.”

सेल्समनचं आडनाव खांबेटे. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. तो बिचारा दाराशी जाऊन उभा राहिला. मी खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी वाजवली, आधी जोरात, मग इतकी हळू की मलाच जेमतेम ऐकू यावी. मग हात ओले करून वाजवला, कारण एप्रिलच्या जत्रेत बोटं घामानं चिंब असतात. आणि मग भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं.

“अहो ताई, काय करताय!”

“आमच्याकडे ऐन गाण्यात लाइट जाते. जनरेटर लावेपर्यंत सगळं ठप्प. परत आली की हा किती वेळात बोलतो ते बघतेय.”

बटण लावलं. सहा मोजेपर्यंत तो बोलला, आणि मी ठेवलेलाच आवाज घेऊन बोलला. मग चंदेरीचं बटण बंद करून लावलं. तो आधी पडद्यावर आपलं नाव दाखवत बसला, मग एक पट्टा सरकत राहिला आणि शेवटी आला तो भलत्याच आवाजावर. तेवढ्या वेळात आमच्या पब्लिकनं शिट्ट्या मारून मंडप डोक्यावर घेतला असता.

शेठ कंबरेवर हात ठेवून आले. “झालं तुझं? आणि हे काय, काळा पाट?”

“हाच घ्यायचा शेठ.”

“ह्याला स्पीकर कुठं आहेत?”

“नसतात. साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडायचा.”

“ठेके?”

“नाहीत.”

“मग आहे काय ह्याच्यात?”

“पियानो आहे.”

शेठनी एका बाजूनं तो उचलून बघितला आणि लगेच खाली ठेवला. “अगं, ह्याला न्यायला चार खांदेकरी लागतील!”

“दोन लागतील. त्यातली एक मी.”

“तोंड बघा हिचं,” शेठ खांबेटेला म्हणाले. मग मला म्हणाले, “चल तिकडे. ते बघ काय चीज आहे.”

चीज होतीच, मी नाही कशाला म्हणू? त्या चंदेरी कीबोर्डमध्ये सनईपासून सॅक्सोफोनपर्यंत सगळं होतं. एका बोटानं एक पट्टी धरली की मागे अख्खा वाद्यवृंद सुरू. ज्याला काही येत नाही त्यालाही वाजवता यावा, अशीच त्याची सगळी रचना होती. शेठ लहान लेकरासारखे बटणं दाबत होते. मग त्यांनी मान वर केली.

“काका, पिशवी सोडा.”

“हितं?”

“खांबेटे म्हणतात, ह्याच्यात आपली ढोलकी भरून घेता येते. चार ठेके द्या. लावणीचा, गवळणीचा, आपल्या पगडीच्या गाण्याचा आणि एक नाचायचा. नंतर नुसतं बटण दाबलं की तुम्हीच वाजणार! मशीनमधली ढोलकी कुणाचीही असेल. आपल्याला रंगनाथ घोडकेच पाहिजे.”

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. “आन् मी कुठं बसायचं?”

शेठ कीबोर्डच्या पडद्याकडे बघत राहिले. “तुम्ही आता दमता काका. जीपमध्ये दाटीवाटीनं किती दिवस हिंडणार? आराम करा घरी. मोठा कार्यक्रम असला की बोलावूच.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुडीबिडी सगळं थोतांड. ज्याला काढायचं त्यालाच जीपमध्ये घालून आणायचं, त्याची भाकरी खायची, आणि जाता जाता त्याचा हात काढून मशीनमध्ये ठेवून घ्यायचा! मला वाटलं, काका आता फडातल्या खास शिव्या काढतील. त्यांच्याकडे साठा मोठा होता. पण काका खाली बसले आणि पिशवीची नाडी सोडायला लागले.

“भरू की,” म्हणाले.

“काका! कळतंय का तुम्हाला, हे काय चाललंय ते?”

“कळतंय पोरी. येडा न्हाई मी.” आवाज अगदी खाली. “मी न्हाई भरले तर दुसऱ्या कुनाचे भरतील, आन् ते शेठच्या गळ्याला बसनार न्हाईत. त्यापरीस माझं ऱ्हाऊ दे. अठरा वर्सं ताट वाढलंय त्यांनी.”

खांबेटेनं माइक लावला. मग काकांना म्हणाला, “टोपी काढा काका, हेडफोन घालायचाय.” काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. हेडफोनमध्ये टिकटिक सुरू होती, तिच्याबरोबर वाजवायचं. काकांनी ढोलकी आवळली, एक थाप दिली आणि पगडीचा ठेका धरला. आहाहा! रस्त्यानं जाणारा एक माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

“पुन्हा एकदा घेऊ,” खांबेटे म्हणाला.

पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा झाल्यावर तो मान हलवत, अगदी आदरानं म्हणाला, “काका, तुमची लय हलतेय.”

ढोलकीवाल्याला असं म्हणणं म्हणजे सुगरणीला तुझ्या हाताला चव नाही म्हणण्यासारखं. काकांनी हेडफोन काढला आणि नीट ऐकू आलं नसल्यासारखं त्याच्याकडे बघितलं. मी मध्ये पडले.

“लय हलत नाहीये, चढतेय! गाणं चढतं तशी ढोलकी चढते. तुम्ही कधी लावणी ऐकली आहे का हो?”

“ताई, बरोबर आहे तुमचं. पण मशीनला एकसारखी लागते. नाहीतर फिरून पहिल्या मात्रेवर आली की धक्का बसतो.”

“मग मशीनला चढायला शिकवा!”

“एस्तर!” शेठ ओरडले.

“असू द्या,” काका म्हणाले. “एकसारखी पायजे ना? देतो.” त्यांनी हेडफोन परत घातला, डोळे मिटले आणि टिकटिकीच्या मागे मागे, न चढता, न उतरता, एकही हरकत न घेता ठेका वाजवला. खांबेटे खूश झाला. त्यानं बटण दाबलं, आणि काकांची ढोलकी काकांशिवाय वाजायला लागली.

काका ऐकत राहिले. मग मला म्हणाले, “ह्यो कोन वाजवतोय गं?”

तिथं माझं सहन करणं संपलं. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायचीच, त्या दिवशी मी ते खरं करून दाखवलं.

“शेठ, नियम तुमचा आहे. ज्याचे हात, त्याची निवड. हात माझे आहेत. मला तो काळा हवाय. त्यात ढोलकी नाही, आणि म्हणूनच हवाय. तो घेतला की ढोलकीवाला लागेल.”

शेठ हसले. “नियम आहेच. पण कुणाचे हात ठेवायचे ते मालक ठरवतो. तुला काळा पाहिजे ना? घे आणि चर्चमध्ये वाजव. ह्या बटणांवर बसायला मला नगरमध्ये पन्नास जण मिळतील.”

खोटं नव्हतं ते. बटणांवर कुणीही बसलं असतं. घरी आई, धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची शेवटची दोन वर्षं. आठ दिवसांवर साखर कारखान्याचा मोठा कार्यक्रम होता, आणि त्यानंतर माझं काय, हे आता ह्या चंदेरी डब्यावर ठरणार होतं.

“पोरी, हट्ट सोड,” काका म्हणाले. “माझ्यापायी तुझं कशाला?”

आता एक गोष्ट सांगते, जी अख्ख्या मधुरंगमध्ये दोनच माणसांना ठाऊक होती. शेठ विसरायला लागले होते.

दोन वर्षांपूर्वी शेवगावच्या कार्यक्रमात मला ते पहिल्यांदा कळलं. शेठ भर गाण्यात थांबले. डोळ्यांत एकदम काहीच नाही. पुढच्या क्षणी काकांनी ठेका उलटा फिरवला, तोच तुकडा तीनदा वाजवून तिहाई टाकली आणि झीलकऱ्यासारखी वरच्या आवाजात पुढच्या ओळीची आरोळी ठोकली. शेठनी ती पकडली आणि गाणं पुढे गेलं. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे, टाळ्या पडल्या. त्यानंतर मीही नजर ठेवायला लागले. शेठ अडखळले की काका ठेका फिरवायचे, मी पुढच्या ओळीची चाल कीबोर्डवर द्यायचे, काका आरोळी द्यायचे. कधी कार्यक्रमात एकदा, कधी तीनदा. काका तर त्याच्या आधीपासून हे करत आले होते. शेठना वाटायचं, एखाद-दुसऱ्या शब्दाचं होतं कुणाचंही, लोकांच्या लक्षातही येत नाही. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. एकदाच काका ढोलकी पिशवीत घालता घालता म्हणाले होते, “मानूस थकतं,” आणि विषय संपवला होता.

त्या दुकानात काकांनी एक शब्द उच्चारला असता, तर त्यांची जागा वाचत होती. शेठ, मी घरी बसल्यावर तुम्हाला कोण सांभाळणार? एवढंच. पण ते मेले तरी बोलणार नव्हते. मग मी ठरवलं.

“बरं शेठ,” मी आवाज मऊ केला. “हरले मी. घ्या हाच. पण गाणाऱ्यानं एकदा गाऊन नको का बघायला? काकांचा ठेका भरलाच आहे. पगडी गा.”

काकांनी झटकन माझ्याकडे बघितलं. त्यांना तत्क्षणी कळलं. “नको,” ते म्हणाले. “हितं नको.”

“का नको?” शेठ म्हणाले. त्यांना गायला कधीही कुणी सांगावं, ते एका पायावर तयार. वर पाच-सहा गिऱ्हाइकं आयती समोर उभी. त्यांनी घसा साफ केला. “लाव रे खांबेटे!”

काकांची ढोलकी मशीनमधून सुरू झाली. मी काळ्या पियानोमागे जाऊन उभी राहिले. शेठनी हात वर करून सुरुवात केली.

‘भिंगारच्या बाजारी गं, हरवली माझी पगडी!’

हे गाणं शेठनी स्वतः रचलेलं. एका माणसाची पगडी हरवते आणि तो बाजारभर विचारत हिंडतो. पहिल्या कडव्यात कासाराला, दुसऱ्यात वाण्याला, तिसऱ्यात सोनाराला, आणि शेवटी पगडी त्याच्या बायकोच्याच डोक्यावर निघते. हे गाणं लोक दोन-दोनदा गायला लावत. पहिलं कडवं झोकात झालं. गिऱ्हाइकं ठेका धरून टाळ्या द्यायला लागली. धृपद झालं. शेठनी दुसऱ्या कडव्यासाठी हात पुढे केला, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही.

मशीन वाजतच होतं. एक फेरा झाला. शेठनी माझ्याकडे बघितलं, नेहमी नकळत बघायचे तसं. चालीच्या पहिल्या चार सुरांचं काम होतं, माझी बोटं पट्ट्यांवर होती. मी हात उचलले आणि पाठीमागे घेतले. शेठच्या डोळ्यांत सरळ बघत राहिले.

दुसरा फेरा. तिसरा. शेठचा हात तसाच हवेत. कपाळावर घाम. टाळ्या देणारे एकेक थांबले. ते स्वतःचंच गाणं विसरले होते आणि त्यांच्यासमोर काकांची ढोलकी निर्विकार गोल गोल फिरत होती. न थांबता, न वळता. खांबेटे काहीतरी चुकलंय म्हणून पडदा तपासत होता. मला दिसत होतं, शेठ बुडतायत. मी हलले नाही. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. तरी नाही हलले.

आणि मग खऱ्या ढोलकीवर थाप पडली.

काका उभे राहिले होते. ढोलकी कमरेला, डोकं उघडं, टोपी कुठेतरी खाली पडलेली. मशीनच्या ठेक्याला आडवा असा त्यांनी आपला ठेका घातला, की खांबेटेनं घाबरून मशीनच बंद केलं. काकांनी लय जरा ओढून धरली, शेठना श्वास घ्यायला जागा दिली, एक तिहाई टाकली आणि छत फाटेल अशी आरोळी ठोकली.

“अवं, वान्याच्या दुकानी जाऊन पुसलं का न्हाई, जी जी जी!”

शेठच्या डोळ्यांत उजेड आला. ‘वाण्याच्या दुकानी गेलो गं बाई!’ त्यांनी सूर पकडला, आणि मग मीही हात पुढे घेतले. त्या काळ्या पियानोवर मी खालच्या सप्तकात असा काही दणका दिला की काचेच्या कपाटातली माउथऑर्गनं हलली. काका चढत गेले, मी त्यांच्याबरोबर चढत गेले, शेठ आमच्या दोघांच्या खांद्यांवर. शेवटच्या कडव्याला पायरीवरचा माणूसही आत येऊन नाचायला लागला.

टाळ्या, वाहवा, “कुठली पार्टी हो तुमची?” कुणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं, ते मधलं थांबणंही गाण्यातलाच विनोद असावा.

शेठनी रुमालानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. मग माझ्याकडे न बघता खांबेटेला म्हणाले, “तो काळा बांधा.”

“आणि साहेब, हा? ठेका भरलाय...”

“पुसून टाका.”

खांबेटेनं बटण दाबलं. काका खाली वाकून टोपी शोधत होते. मी ती कपाटाखालून काढली, झटकली आणि त्यांना द्यायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतली.

“चुकलं तुझं,” म्हणाले. “मानसाला असं उघडं पाडू ने. सोत्ताच्या मालकाला!”

“मालकाला कळायला हवं होतं काका.”

“मग एकल्याला सांगायचं.”

“एकट्याला सांगितलं असतं, तर एकट्यानंच नाही म्हटलं असतं.”

काकांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि ढोलकी पिशवीत घातली. पुढे आठ दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

पियानो जीपमध्ये चढवायला दोनच माणसं लागली, त्यातली एक मी. परतीच्या वाटेवर शिक्रापूरला शेठनी चहाला गाडी थांबवली. काका उतरलेच नाहीत, मागे पियानोला टेकून डोळे मिटून बसून राहिले. टपरीपाशी शेठ आणि मी उभे होतो.

“केव्हापासून ठाऊक आहे तुला?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षं.”

“आणि काकांना?”

“माझ्या आधीपासून. ते तुम्हाला झाकतात, हे बघूनच मला कळलं.”

शेठनी जीपकडे बघितलं. हातातला चहा तसाच. “मला वाटायचं, एखादा शब्द...” ते थांबले. “इतक्या वेळा होतं?”

“होतं शेठ.”

“एकदाही बोलले नाहीत. आज मी त्यांना घरी बसवत होतो, तेव्हासुद्धा नाही.” मग एकदम माझ्याकडे वळले. डोळे लाल. “म्हणून तू चारचौघांत माझी अब्रू काढायला निघालीस?”

मला माफी मागता आली असती. सव्वीस वर्षांची नोकर बाई, समोर पन्नाशी ओलांडलेला मालक, आणि तोही जखमी. दुसरी कुणी असती तर मागितली असती.

“तुम्ही काकांची चारचौघांत काढतच होता,” मी म्हटलं. “टोपीसुद्धा उतरवायला लावली त्यांना.”

शेठनी चहा रस्त्यावर ओतला आणि जीपमध्ये जाऊन बसले. नगरला घराशी उतरताना मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. ते म्हणाले, “कारखान्याच्या कार्यक्रमाची तालीम चार वाजता. दोघांनी वेळेवर या.”

त्यांनी मला काढलं नाही, पण माफही केलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. “ए पियानो!” म्हणायचे. मी ओ द्यायचे. आणखी सात वर्षं आम्ही तिघं तो काळा पियानो घेऊन गावोगाव हिंडलो. शेठ आधी कडवी विसरायचे, मग धृपदंही विसरायला लागले. काका ठेका फिरवायचे, मी चाल द्यायचे, काका आरोळी ठोकायचे. शेवटच्या वर्षी तर निम्मं गाणं आरोळ्यांतच व्हायचं, आणि लोक म्हणायचे, मधुरंगची ही तऱ्हाच न्यारी.

काका त्या दिवसाचा विषय टाळायचे. एकदाच, अगदी शेवटच्या हंगामात, स्टेजमागे बसलो होतो तेव्हा ते आपणहून म्हणाले, “एस्तर, त्या दुकानातलं मला आजून पटत न्हाई बग. शेठचं त्वांड आठवतं.”

“पटवून घेऊ नका काका,” मी म्हटलं. “मला पुन्हा त्या दुकानात उभं केलंत, तर मी पुन्हा तेच करीन. उठा, ढोलकी आवळा. शेठ स्टेजवर चढलेत.”